आर-७ क्षेपणास्त्र म्हणून अपयशी ठरले, मग प्रक्षेपक म्हणून इतके कसे टिकले?

विज्ञानशिक्षिका_नागपूर

नमस्कार. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवते. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या रात्री, म्हणजे २ एप्रिलला, विदर्भातल्या अनेकांनी आकाशातून जळत जाणारी एक लांबलचक रेघ पाहिली, तशी ती मीही आमच्या गच्चीवरून पाहिली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचे एक भले मोठे कडे पडले आणि पुढच्या काही दिवसांत आसपासच्या शिवारांत धातूचे पोकळ गोळेही सापडले. ते अवशेष एका चिनी अग्निबाणाचे असावेत, असे मत जाणकारांनी तेव्हा दिले होते. त्या रात्रीपासून माझ्या विद्यार्थ्यांना या विषयाचे जे वेड लागले आहे, ते अजून ओसरलेले नाही. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी सोव्हिएत क्षेपणास्त्रे आणि अवकाश प्रक्षेपक हा विषय घेतला असून भित्तिपत्रके तयार करण्याचे काम सुरू आहे.

वाचताना एका ठिकाणी आम्ही अडलो. सेर्गेई कोरोलेव्ह यांचे आर-७ हे जगातले पहिले आंतरखंडीय क्षेपणास्त्र. २१ ऑगस्ट १९५७ रोजी त्याची पहिली यशस्वी चाचणी झाली आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला त्याच जातीच्या अग्निबाणाने स्पुटनिक कक्षेत नेला. मात्र क्षेपणास्त्र म्हणून ते मोजक्याच तळांवर उभे राहिले आणि १९६८ पर्यंत सेवेतून निघूनही गेले. उलट त्याचा वंशज सोयुझ अजूनही माणसांना अवकाशात नेतो आहे. आता दुसरे उदाहरण पाहा. सोव्हिएत सेनेने ज्या आर-१६ वर भिस्त ठेवली, त्या मिखाईल यांगेल यांच्या क्षेपणास्त्राने एकही उपग्रह सोडल्याचे आम्हाला आढळले नाही. एक यंत्र युद्धाला निरुपयोगी पण अवकाशाला उत्तम आणि दुसरे नेमके उलटे, असे का व्हावे? भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दोघांचे काम एकच आहे: ठरावीक वजनाला ठरावीक वेग द्यायचा.

एका विद्यार्थ्याने भित्तिपत्रकावर असेही लिहून ठेवले आहे की कोरोलेव्ह यांना मुळात अवकाशातच जायचे होते आणि क्षेपणास्त्राच्या नावाखाली त्यांनी लष्कराच्या पैशातून अवकाशयान उडवून घेतले, म्हणजे सरळ सांगायचे तर लष्कराला फसवले. वाक्य चटकदार आहे, पण ते तसेच राहू द्यावे का, याची मला शंका आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_वाचक

ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी टाक्यांत काय भरले होते यात सापडते, त्यामुळे आधी इंधनाबद्दल लिहितो आणि मग फसवणुकीच्या आरोपाकडे वळतो.

आर-७ मध्ये केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन वापरलेले होते. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. आपल्याकडे मे महिन्यात बर्फाचा गोळा हातात घेऊन सीताबर्डीतून चालत जावे तशी त्याची अवस्था असते. टाकी कितीही चांगली असली, तरी भरल्या क्षणापासून तो उडून जाऊ लागतो आणि त्याची भरपाई सतत करत राहावी लागते. त्यामुळे हे क्षेपणास्त्र भरून ठेवून आदेशाची वाट पाहणे शक्यच नव्हते. आदेश आला की भरायला सुरुवात करायची आणि त्या तयारीत कित्येक तास घालवायचे. तोवर शत्रूची विमाने तळावर येऊन पोहोचली असती. त्यातून तो तळही लपणारा नव्हता. सुमारे पावणेतीनशे टन वजनाच्या या अग्निबाणाला प्रचंड बांधकाम, ऑक्सिजनचा साठा आणि रेल्वेमार्ग लागत असे, म्हणजे वरून काढलेल्या छायाचित्रात तो सहज ओळखू यावा असाच होता.

यांगेल यांनी नेमका हाच दोष दूर केला. आर-१६ मध्ये नायट्रिक आम्लावर आधारित ऑक्सिडीकारक आणि रशियन लोक ज्याला हेप्टिल म्हणतात ते असममित डायमिथाइल हायड्रॅझिन वापरले होते. ही दोन्ही द्रव्ये साध्या तापमानाला द्रवरूप राहतात आणि एकमेकांना स्पर्श होताच आपोआप पेट घेतात, त्यामुळे वेगळ्या ठिणगीची गरज उरत नाही. क्षेपणास्त्र भरून ठेवता येते, पुढे तर जमिनीखालच्या विहिरीतही ठेवता आले. सेनापतीला यापेक्षा अधिक काय हवे? दुसरे क्षेपणास्त्र-आरेखक चेलोमेय यांचे यूआर-१०० आले तेव्हा तर भरलेले क्षेपणास्त्र सीलबंद अवस्थेत वर्षानुवर्षे ठेवण्याची सोय झाली.

मात्र या सोयीची किंमत भयंकर होती. ही द्रव्ये विषारी आणि दाहक आहेत. २४ ऑक्टोबर १९६० रोजी बैकानूरच्या तळावर आर-१६ चे पहिले उड्डाण व्हायचे होते. बिघाड निघाले होते, पण इंधन काढून टाकून निवांतपणे दुरुस्ती करण्याऐवजी भरलेल्या क्षेपणास्त्रावरच माणसे काम करत राहिली. सामरिक क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल मित्रोफान नेदेलिन स्वतः जवळ खुर्ची टाकून बसले होते. उड्डाणाला अर्धा तास उरला असताना नियंत्रण यंत्रणेतील एका चुकीच्या क्रमामुळे दुसऱ्या टप्प्याचे इंजिन पेटले आणि त्याच्या ज्वाळांनी खालच्या टप्प्याच्या टाक्या फोडल्या. नेदेलिन यांच्यासह सत्तराहून अधिक माणसे दगावली. यांगेल वाचले ते केवळ सिगारेट ओढायला बाजूच्या सुरक्षित जागी गेले म्हणून. नेदेलिन विमान अपघातात गेले, असे देशाला सांगण्यात आले आणि खरी हकीकत सोव्हिएत वाचकांना १९८९ मध्ये कळली.

आता प्रक्षेपकाची गरज पाहा. उपग्रह सोडायचा दिवस आधीच ठरलेला असतो, शत्रूची विमाने येणार नसतात आणि चार तास तयारीत गेले तरी काही बिघडत नाही. अशा वेळी केरोसीन व ऑक्सिजनची जोडी दर किलोमागे अधिक ढकल देते, विषारी नसते आणि स्वस्तही पडते. म्हणजे युद्धाच्या दृष्टीने जो दोष होता तो इथे दोष राहतच नाही आणि गुण मात्र पुरेपूर उरतो.

राहिला फसवणुकीचा आरोप. आर-७ एवढे अवाढव्य का झाले, याचे कारण अवकाशाची ओढ नसून बाँबचे वजन आहे. सुरुवातीला तीन टनांचे वॉरहेड गृहीत धरून आखणी चालू होती. ऑगस्ट १९५३ मध्ये सोव्हिएत संघाने औष्णिक-आण्विक बाँबची चाचणी केली आणि त्यानंतर अण्वस्त्रवाल्यांकडून जो आकडा आला तो सुमारे साडेपाच टनांचा होता. अख्खा आराखडा त्यानुसार वाढवावा लागला. अमेरिकेने पुढे हलके बाँब बनवले, म्हणून त्यांचे ॲटलास लहान राहिले. फेब्रुवारी १९६२ मध्ये ॲटलासवरून जॉन ग्लेन ज्या यानातून गेले ते जेमतेम सव्वा ते दीड टनाचे होते, तर त्याच्या आदल्या वर्षी गागारिन यांचे व्होस्तोक सुमारे पावणेपाच टनांचे होते आणि आर-७ वर फक्त एक छोटा तिसरा टप्पा चढवून ते कक्षेत गेले. बाँब हलके बनवण्यातले सोव्हिएत मागासलेपण अवकाशात त्यांना असे फळले.

शंकेखोर

जुना_वाचक यांचे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, पण त्यातील दोन गोष्टी मला सोप्या करून सांगितल्यासारख्या वाटतात.

पहिली गोष्ट कोरोलेव्ह यांच्याविषयी. वजनाचा आकडा अण्वस्त्रवाल्यांनी दिला हे मान्य. पण आर-७ विकसित करण्याचा सरकारी हुकूम २० मे १९५४ चा आहे आणि त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २६ मे रोजी, कोरोलेव्ह यांनी मिखाईल तिखोनरावोव्ह यांचे कृत्रिम उपग्रहाविषयीचे टिपण मंत्री उस्तिनोव्ह यांच्याकडे पाठवले. माणसाच्या डोक्यात काय चालले होते हे यावरून दिसत नाही का?

दुसरी गोष्ट अशी की इंधनावरून सगळा उलगडा होत असेल, तर प्रोटॉनचे काय करायचे? प्रोटॉनमध्ये हेप्टिल आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड आहे, म्हणजे अगदी क्षेपणास्त्राचे इंधन. तरीही तो लष्करात कधी तैनात झाला नाही. सॅल्यूत स्थानके, मीर आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा झार्या हा पहिला भाग त्यानेच वर नेला. इंधनाचा नियम इथे उलटा पडतो.

जुना_वाचक

दोन्ही मुद्दे रास्त आहेत. २६ मेच्या पत्राबद्दल माझे म्हणणे इतकेच की ते पत्र उघडपणे मंत्र्यांकडेच गेले होते. ज्याला फसवायचे त्यालाच कोणी आपला बेत लिहून कळवत नाही. कोरोलेव्ह यांना अवकाशाचा ध्यास होता याबद्दल वाद नाही. १९३८ मध्ये अटक होऊन कोलिमाच्या छावणीपर्यंत जाऊन आलेला हा माणूस तिशीच्या आतच द्रवइंधनाचे अग्निबाण उडवणाऱ्या हौशी गटात होता. मात्र लष्कराला जे हवे होते ते त्यांनी दिले. ते लगेच कालबाह्य ठरले ही वेगळी गोष्ट आहे.

स्पुटनिक इतक्या लवकर उडाला यामागे एक अडचणही आहे, ती विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. ऑगस्ट १९५७ च्या चाचणीत अग्निबाण उत्तम चालला, पण वॉरहेडची प्रतिकृती वातावरणात परत शिरताना मोडून पडली. तिचा आकार बदलायला काही महिने लागणार होते. तोवर तयार अग्निबाण रिकामे उभे होते आणि ठरलेला मोठा वैज्ञानिक उपग्रहही वेळेत होत नव्हता. म्हणून ८३.६ किलोचा साधा गोळा बनवून तो ४ ऑक्टोबरला वर पाठवण्यात आला. तो मोठा उपग्रह, म्हणजे १,३२७ किलोचा स्पुटनिक-३, मे १९५८ मध्ये गेला.

प्रोटॉनविषयी आपण दाखवलेली त्रुटी मान्य करतो. प्रोटॉन, म्हणजे मूळचे यूआर-५००, अतिप्रचंड बाँब वाहून नेण्यासाठी कल्पिलेले क्षेपणास्त्र होते. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह सत्तेवरून गेले आणि तो बेतही मावळला. जुलै १९६५ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले ते वैज्ञानिक उपग्रह घेऊनच. तेव्हा नियम असा दुरुस्त करून घ्यावा: साठवता येणारे इंधन ही युद्धासाठीची अट आहे, अवकाशासाठीची बंदी नव्हे. आपलेच पाहा ना, पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातले विकास इंजिनही याच कुळातल्या इंधनावर चालते.

आणि यांगेल यांच्या बाबतीत ताईंची आर-१६ विषयीची नोंद बरोबर असली, तरी त्यांची इतर क्षेपणास्त्रे अवकाशात भरपूर गेली. आर-१२ वरून मार्च १९६२ मध्ये पहिला कॉसमॉस उपग्रह सुटला. आर-१४ वरून कॉसमॉस-३एम हा प्रक्षेपक निघाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी कापुस्तिन यार येथून आपला आर्यभट त्यानेच वर नेला. १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात जी आर-१४ क्षेपणास्त्रे क्युबाला पोहोचण्याआधीच परत फिरली, त्याच कुळातल्या अग्निबाणाने तेरा वर्षांनी भारताला पहिला उपग्रह दिला. आर-३६ वरून त्सिक्लोन आला आणि शीतयुद्ध संपल्यावर आर-३६एम ची निवृत्त क्षेपणास्त्रे द्नेप्र या नावाने उपग्रह सोडू लागली.

रूळमार्ग_निवृत्त

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या मालवाहतुकीत गेली आणि त्यातली बरीच वर्षे नागपूर विभागात. तेव्हा प्रोटॉनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या आकाराबद्दल लिहितो, कारण तो आकार कोणा शास्त्रज्ञाने ठरवलेला नसून रेल्वेने ठरवलेला आहे.

आपल्याकडे एखादा मोठा ट्रान्सफॉर्मर किंवा बॉयलरचा भाग मालगाडीने न्यायचा असला की त्याला ओडीसी म्हणतात. तो ठरलेल्या मापाबाहेर किती जातो, वाटेतला कोणता पूल, कोणता बोगदा, कोणता फलाट आडवा येईल, शेजारच्या मार्गावरून गाडी जाऊ द्यायची की नाही, याचा सारा हिशेब आधी मांडावा लागतो. हे मी शेकडो वेळा केले आहे. सोव्हिएत अग्निबाणांची चित्रे पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा मला त्यांत हेच दिसले.

त्यांचे कारखाने मॉस्को, कुयबिशेव्ह, द्नेप्रोपेत्रोव्हस्क येथे आणि तळ हजारो किलोमीटर दूर कझाकस्तानच्या माळरानात. तळासाठी त्युरातामची जागा निवडली तीसुद्धा ताश्कंदकडे जाणारा रेल्वेमार्ग तिथून जात होता म्हणून. बैकानूर हे नाव शेकडो किलोमीटर दूरच्या दुसऱ्याच गावाचे आहे आणि ते दिशाभूल करण्यासाठी दिले गेले. आता या मार्गावरून जे जाईल तेवढेच बांधायचे. आर-७ चा मधला खांब सर्वांत रुंद जागी २.९५ मीटर आणि भोवतीचे चार गाजरासारखे भाग २.६८ मीटर. सगळे सुटे वाघिणींतून जायचे आणि तळावरच्या शेडमध्ये आडवे ठेवून जोडले जायचे. मग तो पूर्ण अग्निबाण आडवाच रुळावरून उड्डाणस्थळी जायचा आणि तिथे उभा केला जायचा. आजही सोयुझ असाच जातो. अमेरिकेत शनि म्हणजे सॅटर्न अग्निबाण उभाच जोडत आणि उभाच नेत.

प्रोटॉनमध्ये ही युक्ती आणखी पुढे गेली. पाहणाऱ्याला वाटते की मधल्या खांबाला सहा छोटे अग्निबाण जोडले आहेत. तसे ते नाही. मधली ४.१ मीटर रुंदीची टाकी ऑक्सिडीकारकाची आहे, कारण रेल्वेमार्गावर त्याहून रुंद काही मावत नव्हते. मग इंधन ठेवायचे कुठे? तर सहा बारीक टाक्या करून, प्रत्येकीच्या तळाशी एक इंजिन लावून, त्या तळावर गेल्यावर मध्यभागी जोडल्या. त्या सुटून पडत नाहीत. सगळा मिळून एकच टप्पा आहे. मला हे फार आवडले. मापाची तक्रार न करता मापातच बसवून दाखवणे ही आमच्या खात्याची जुनी सवय, ती इथे वेगळ्या देशात भेटली.

ताईंना आणखी एक गोष्ट सांगतो, कारण मुलांना ती चित्रात चटकन दाखवता येईल. आर-७ उड्डाणस्थळी जमिनीवर टेकलेला नसतो. चार भुजा त्याला कमरेशी धरतात आणि तो खड्ड्यावर लटकलेला असतो. इंजिनांनी वजन उचलले की भुजांवरचा भार जातो आणि त्या प्रतिभाराने आपोआप फुलाच्या पाकळ्यांसारख्या बाहेर उघडतात. बार्मिन नावाच्या अभियंत्याची ही रचना. क्रेन चालवणाऱ्या कोणालाही विचारा, एवढा डोलारा कमरेत धरायला केवढे धाडस लागते.

रसायन_विद्यार्थी

मी लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेच्या परिसरात राहतो, एवढाच माझा रसायनशास्त्राशी संबंध, त्यामुळे चूक झाल्यास सांभाळून घ्यावे. माझा प्रश्न असा की आपल्या अंबाझरीच्या आयुध निर्माणीत पिनाकाचे जे अग्निबाण तयार होतात ते घन इंधनाचे आहेत. भरून ठेवायचा त्रास नाही, गळतीची भीती नाही. मग सोव्हिएत लोकांनी विषारी हेप्टिलच्या नादी लागण्याऐवजी घन इंधन का घेतले नाही?

जुना_वाचक

घेतले, पण उशिरा. अमेरिकेचे मिनिटमन १९६२ मध्ये सेवेत आले. सोव्हिएत संघाचे पहिले घनइंधनी आंतरखंडीय क्षेपणास्त्र आरटी-२ हे १९६८ च्या अखेरीस आले. गंमत म्हणजे तेही कोरोलेव्ह यांच्याच कार्यालयात सुरू झाले होते. मोठ्या आकाराचा, तडा न जाणारा, एकसारखा जळणारा इंधनाचा ठोकळा ओतणे ही बहुवारिक रसायनांची बाब आहे आणि त्यात त्यांचा उद्योग मागे होता. द्रव इंधनाच्या इंजिनांत मात्र ते इतके पुढे गेले की ती निकड त्यांना फारशी जाणवलीही नाही.

त्या इंजिनांबद्दल चार ओळी लिहितो. आर-७ साठी एकच मोठा ज्वलनकक्ष करण्याचा इंजिन-अभियंते ग्लुश्को यांचा प्रयत्न ज्वलनातील थरथरीमुळे बारगळला. मोठ्या कक्षात दाबाच्या लाटा उठतात आणि इंजिन स्वतःलाच फोडते. तेव्हा त्यांनी एका टर्बोपंपावर, म्हणजे इंधन जोराने कक्षात ढकलणाऱ्या पंपावर, चार लहान कक्ष बसवले. पाच भागांचे मिळून वीस मुख्य कक्ष आणि दिशा राखणारे बारा लहान कक्ष झाले. पाठीमागून सोयुझ पाहिला की जी नळकांड्यांची गर्दी दिसते ती हीच. टर्बोपंप हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनातून मिळणाऱ्या वाफेवर चालतो आणि इंजिने पेटवण्यासाठी आजही लाकडी काड्यांवर बसवलेले पेटवणे प्रत्येक कक्षात खालून घातले जाते. दिवाळीत लांब काडीला फुलबाजी बांधून अनार पेटवणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

शंकेखोर

रूळमार्ग_निवृत्त यांच्या प्रतिसादानंतर एन-१ चा विषय टाळता येणार नाही, कारण रेल्वेच्या मापातून बाहेर पडण्याचा तो पहिला प्रयत्न होता आणि तो फसला.

चंद्रावर माणूस नेण्यासाठीचा हा अग्निबाण सुमारे १०५ मीटर उंच आणि तळाशी सुमारे १७ मीटर रुंद होता. वाघिणीत तो मावणारच नव्हता, म्हणून कुयबिशेव्हहून पत्रे व सुटे भाग आणून तळावरच कारखाना उभारून तो जोडण्यात आला. कोरोलेव्ह आणि ग्लुश्को यांचे याच वेळी इंधनावरून कायमचे बिनसले. ग्लुश्को यांना हेप्टिल हवे होते, कोरोलेव्ह माणसे बसणाऱ्या अग्निबाणात ते घालायला तयार नव्हते. शेवटी कोरोलेव्ह विमानाची इंजिने बनवणाऱ्या निकोलाय कुझ्नेत्सोव्ह यांच्याकडे गेले. कुझ्नेत्सोव्ह यांनी उत्तम पण लहान इंजिने दिली आणि पहिल्या टप्प्यात अशी तीस इंजिने बसवावी लागली.

माझ्या मते तीस इंजिने हा मूळ दोष नव्हता. मूळ दोष हा की पूर्ण पहिला टप्पा जमिनीवर बांधून पेटवून पाहण्याची सोयच केली गेली नाही. अमेरिकनांनी शनिचा पहिला टप्पा जलमार्गाने मिसिसिपीतील चाचणी केंद्रात नेला आणि उडवण्याआधी पेटवून पाहिला. एन-१ ची इंजिने तर अशी होती की एकदा चालवली की काही झडपा पुन्हा वापरता येत नसत. म्हणून सहा इंजिनांच्या संचातील दोन तपासायची आणि उरलेली चार न तपासताच लावायची, असा प्रकार चालला. पहिले उड्डाण २१ फेब्रुवारी १९६९ रोजी फसले. ३ जुलैला दुसरा अग्निबाण उडताच ऑक्सिजनचा एक पंप फुटला, नियंत्रण यंत्रणेने जवळजवळ सगळी इंजिने बंद केली आणि इंधनाने भरलेला तो डोंगर उड्डाणस्थळावरच परत कोसळला. अपोलो-११ निघायला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते. १९७१ व १९७२ मधील उड्डाणेही अपयशी ठरली. कोरोलेव्ह जानेवारी १९६६ मध्येच गेले होते. त्यांचे उत्तराधिकारी मिशिन यांना १९७४ मध्ये हटवून तिथे ग्लुश्को यांना आणले गेले आणि त्यांनी एन-१ बंद करून टाकला.

पुढे जे घडले ते मात्र कोणाला गोष्ट म्हणूनही खरे वाटणार नाही. हेप्टिलचा हट्ट धरणाऱ्या याच ग्लुश्को यांनी एनर्जिया अग्निबाणासाठी आरडी-१७० हे इंजिन केरोसीन व ऑक्सिजनवर बनवले आणि तेही एका टर्बोपंपावर चार कक्षांचे, म्हणजे आर-७ च्याच वळणाचे. एनर्जियाने नोव्हेंबर १९८८ मध्ये बुरान हे सोव्हिएत अवकाश शटल कक्षेत नेले आणि पुन्हा कधी उडाला नाही. त्याचा मधला खांब पावणेआठ मीटर रुंद असल्याने तोही रेल्वेत मावत नव्हता, म्हणून एका जुन्या बाँबफेकी विमानाच्या पाठीवर बांधून तो तळावर नेत. आरडी-१७० चे अर्धे रूप असलेले आरडी-१८० अमेरिकेच्या ॲटलास-५ ने वर्षानुवर्षे वापरले. कुझ्नेत्सोव्ह यांनी नष्ट न करता गोदामात दडवून ठेवलेली सुधारित इंजिनेही नव्वदच्या दशकात अमेरिकेतच विकली गेली.

विज्ञानशिक्षिका_नागपूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, आपल्या वाघिणींच्या मापांवर मुलांनी स्वतंत्र भित्तिपत्रक घेतले असून पुठ्ठ्याचा प्रोटॉन बनवायलाही सुरुवात केली आहे. 'लष्कराला फसवले' हे वाक्य ज्याने लिहिले होते त्यानेच ते खोडले आणि त्या जागी २० मे आणि २६ मे या दोन तारखा लिहिल्या.

एकच शंका उरली आहे. लाडबोरीचे कडे ज्या अग्निबाणाचे असावे असे म्हणतात, त्या चिनी अग्निबाणाचा या सोव्हिएत कुळाशी काही संबंध जोडता येतो का? आणि ते गोळे कशाचे? प्रदर्शनाला येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

जुना_वाचक

दूरचा संबंध आहे, पण तो जपून मांडावा. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने जर्मन व्ही-२ ची नक्कल करून आर-१ बनवले आणि १९४८ मध्ये कापुस्तिन यारहून उडवले. त्याची वाढवलेली आवृत्ती आर-२. पन्नाशीच्या दशकात मैत्री असताना सोव्हिएत संघाने आर-२ चीनला दिले आणि नोव्हेंबर १९६० मध्ये चीनने त्याची स्वतः बनवलेली प्रत उडवली. तोवर दोघांचे बिनसले होते आणि सोव्हिएत तज्ज्ञ परत गेले होते. पुढचा सगळा विकास चीनचा स्वतःचा आहे. ज्या लाँग मार्च ३बी या अग्निबाणाचे ते अवशेष मानले गेले, त्याचे खालचे टप्पे चिनी आंतरखंडीय क्षेपणास्त्राच्या कुळातले आणि हेप्टिलवर चालणारे आहेत. सिंदेवाहीला पडलेले भाग मात्र त्याच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत असा अंदाज होता आणि तो टप्पा द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजनचा असतो.

असे गोळे दाबाखालचा वायू साठवण्यासाठी असतात. टाकीतले इंधन कमी होत जाते तसा वरून हा वायू सोडून टाकीतला दाब राखायचा. गोल आकारावर दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो आणि भिंत जाड व मजबूत असते, म्हणून अग्निबाणाचे बाकी सारे वातावरणात जळून गेले तरी हे गोळे बहुधा शाबूत जमिनीवर येतात.

रूळमार्ग_निवृत्त

पुठ्ठ्याचा प्रोटॉन बनवताना मधली टाकी ४१ सेंटिमीटर धरावी, म्हणजे एकास दहा हे प्रमाण राहील आणि बाहेरच्या सहा टाक्या प्रत्येकी १६ सेंटिमीटरच्या येतील. आणि त्याला वर्गाबाहेर काढण्याआधी दरवाजा मोजून घ्यावा.